बडोद्याची पदवी, परिषदेची नोंदणी आणि परदेशातील मान्यता

प्रश्न विचारणाऱ्या भगिनी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बी.आर्क. (वास्तुविद्येच्या पदवीधर) आहेत, बडोद्यातील कार्यालयांत त्यांनी नऊ वर्षे काम केले आहे आणि काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे वास्तुविशारद परिषदेच्या, नोंदवहीत त्यांचे नाव आहे. कुटुंबासह कॅनडा, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलिया यांपैकी एका देशात स्थायिक होण्याचा त्यांचा विचार आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. इथली नोंदणी तिकडे ‘ट्रान्सफर’ होते का, होत नसल्यास पुन्हा पदवी घ्यावी लागते का, आणि निघण्यापूर्वी इथे काय करून ठेवावे.

नोंदणी ट्रान्सफर होत नाही. वास्तुविशारदाची नोंदणी हा त्या त्या देशाच्या, आणि पुष्कळदा त्या त्या राज्याच्या किंवा प्रांताच्या, कायद्याने दिलेला अधिकार असतो. आपले नाव १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाखाली नोंदले गेले आहे आणि तो कायदा देशाच्या सीमेवर संपतो. परदेशातील नोंदणी संस्थांशी वाटाघाटी करून पदव्यांच्या परस्पर मान्यतेची योजना आखण्याचा अधिकार याच अधिनियमाच्या कलम १५ ने परिषदेला दिलेला आहे, परंतु कायद्यात तरतूद असणे आणि आपल्याला हव्या त्या देशाशी तसा करार प्रत्यक्षात झालेला असणे यांत बरेच अंतर आहे. आपण नावे घेतलेल्या तिन्ही देशांत केवळ भारतीय नोंदणीच्या आधारावर तिथल्या नोंदवहीत थेट नाव चढत नाही.

मग तिकडची संस्था पाहते काय? ती आपली नोंदणी उलगडून तिचे तीन घटक वेगळे करते. आपले शिक्षण तिच्या मापाचे आहे का, आपला अनुभव तिच्या मापाचा आहे का, आणि आपल्याविरुद्ध व्यावसायिक गैरवर्तनाची काही कारवाई झाली आहे का. या प्रत्येकाची छाननी स्वतंत्र होते, बऱ्याचदा ती वेगवेगळ्या संस्था करतात, आणि एकात उत्तीर्ण झाल्याने दुसऱ्यात सवलत मिळतेच असे नाही. परिषदेचा नोंदणी क्रमांक तिसऱ्या घटकासाठी पुरावा म्हणून चालतो, आणि काही देशांत अनुभवी परदेशी वास्तुविशारदांसाठी जी वेगळी वाट ठेवलेली असते तिच्या दारात तो उपयोगी पडतो. पहिल्या दोन घटकांसाठी मात्र तो पुरत नाही. ‘मी बडोद्यात मोठमोठ्या इमारती उभ्या केल्या आहेत, मग पुन्हा परीक्षा कशाला’ असे विचारणाऱ्यांची चिडचिड मी समजू शकतो, परंतु हा अविश्वास व्यक्तीवर नसतो. आपली पदवी त्यांनी तपासलेली नसते आणि आपले बांधकामाचे नियम त्यांना लागू नसतात, एवढाच त्याचा अर्थ.

बडोदेकरांना ही गोष्ट तशी नवी वाटू नये. मेजर चार्ल्स मँट यांनी लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा केला आणि त्यांच्या निधनानंतर रॉबर्ट फेलोज चिझम यांनी ते काम १८९० मध्ये पूर्णत्वास नेले, तेव्हा त्यांची नोंदणी विचारणारे कोणी नव्हते, कारण खुद्द इंग्लंडातच वास्तुविशारदांच्या नोंदणीचा कायदा १९३१ मध्ये झाला. आज मात्र आपल्याच शहरात परिषदेची नोंदणी असूनही रजाचिठ्ठीसाठी (बांधकाम परवानगीसाठी) नकाशा दाखल करायचा तर गुजरातच्या २०१७ च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ‘आर्किटेक्ट ऑन रेकॉर्ड’ म्हणून सक्षम प्राधिकरणाकडे वेगळे नाव नोंदवावे लागते. एका देशात, एका शहरात जर अधिकाराचे असे दोन थर असतील, तर देश बदलल्यावर सगळे थर नव्याने चढवावे लागणार हे ओघाने आलेच.

यानंतरचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत आणि त्यामुळे पुष्कळ पैसा व वेळ घालवतात. आपल्याला तिथे नोंदणी नेमकी कशासाठी हवी आहे? ब्रिटनमध्ये १९९७ च्या वास्तुविशारद कायद्याने फक्त ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखून ठेवली आहे. इमारतीचा आराखडा करणे, नियोजन परवानगीसाठी अर्ज दाखल करणे ही कामे नोंदणी नसलेली व्यक्तीही करू शकते, फक्त तिने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता कामा नये. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० च्या निकालात अधिनियमाच्या कलम ३७ चा अर्थ असाच लावला, की ते कलम उपाधीचे रक्षण करते, आराखडे करण्याच्या कामावर बंदी घालत नाही. कॅनडाची गोष्ट वेगळी आहे. तिथे उपाधीबरोबर कामही राखीव आहे. उदाहरणार्थ, ओंटारिओ प्रांतात तीन मजल्यांपेक्षा उंच किंवा ६०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारतीचा आराखडा, काही अपवाद सोडल्यास, परवानाधारक वास्तुविशारदाकडूनच व्हावा लागतो.

तिन्ही देशांत नोंदणी नसतानाही एखाद्या कार्यालयात नोंदणीकृत वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली नोकरी करता येते. पदाचे नाव आर्किटेक्चरल असिस्टंट, डिझायनर, टेक्नॉलॉजिस्ट, इंटर्न आर्किटेक्ट असे काहीतरी असेल, आणि नऊ वर्षांच्या अनुभवानंतर ते नाव मनाला लागेल हेही खरे. तरी माझा सल्ला असा की पहिली नोकरी नोंदणीवर अवलंबून ठेवू नये. नोंदणी लागते ती स्वतःच्या नावाने कार्यालय काढण्यासाठी, नकाशावर स्वतःची सही व शिक्का उमटवण्यासाठी आणि मोठ्या कार्यालयांत भागीदारीपर्यंत पोहोचण्यासाठी. पुढील पाच-सात वर्षांत यांपैकी काहीच करायचे नसेल, तर ही मजल थोड्या सावकाश मारली तरी चालते. करायचे असेल, तर तयारी बडोद्यातूनच सुरू व्हायला हवी, कारण लागणारे निम्मेअधिक कागद इथेच तयार होतात आणि परदेशातून ते मिळवणे फार कष्टाचे असते.

शिक्षणाच्या छाननीकडे वळू. पुन्हा पदवी घ्यावी लागते का, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वसाधारणपणे नाही असे आहे. आपली बी.आर्क. पाच वर्षांची, दहा सत्रांची आहे, आणि कालावधीच्या बाबतीत ती कुठे कमी पडत नाही. युरोपीय संघाचा निर्देशही पाच वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण, किंवा चार वर्षांचे शिक्षण आणि दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव, एवढेच किमान मानतो. अडचण येते ती विषयांच्या तपशिलात. कॅनडात कॅनेडियन आर्किटेक्चरल सर्टिफिकेशन बोर्ड ही संस्था आपला एकेक विषय तिच्या शिक्षण मानकाशी ताडून पाहते. अमेरिकेत हेच काम नॅशनल आर्किटेक्चरल अ‍ॅक्रेडिटिंग बोर्डाची ईसा ही मूल्यमापन सेवा करते, आणि तिथे भारतीय पदवीधरांच्या अहवालात कमतरता बहुधा डिझाइन किंवा स्ट्रक्चरमध्ये न निघता सामान्य शिक्षणात निघते, म्हणजे भाषा, समाजशास्त्र, मानव्यविद्या अशा विषयांत, कारण आपला अभ्यासक्रम पहिल्या सत्रापासूनच व्यवसायाच्या विषयांनी भरलेला असतो. ही कमतरता सुटे अभ्यासक्रम पूर्ण करून भरून काढता येते. त्यासाठी नवी पदवी लागत नाही.

या छाननीसाठी गुणपत्रके पुरत नाहीत. आपण ज्या वर्षांत शिकलात त्या वर्षांचा अधिकृत अभ्यासक्रम, विषयवार तास व क्रेडिट यांसह, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी लागतो. इथे लोक हमखास फसतात ते असे, की विभागाकडून आजचा अभ्यासक्रम घेऊन पाठवून देतात आणि गुणपत्रकातील विषयांची नावे त्याच्याशी जुळत नाहीत. परिषदेने शिक्षणाची किमान मानके १९८३ च्या विनियमांनी ठरवली होती, ती २०२० मध्ये बदलली, आणि विद्यापीठेही मधल्या काळात आपापले विषय बदलत असतात. म्हणून स्वतःच्या तुकडीचा अभ्यासक्रम मागावा, आणि तो विभागात लगेच सापडत नसेल तर लेखी अर्ज करून, पोच घेऊन, पाठपुरावा करावा. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या विषयांची व गुणांची अधिकृत नोंद, बहुतेक संस्थांना विद्यापीठाकडून थेट, सीलबंद लिफाफ्यात किंवा विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून, हवी असते. उमेदवाराने स्वतः पाठवलेली प्रत, ती कितीही साक्षांकित असली तरी, स्वीकारली जात नाही.

ब्रिटनची पद्धत याहून निराळी आहे. तिथल्या आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाने मान्य न केलेल्या पदवीधरांसाठी बोर्डाची स्वतःची परीक्षा असते. पारंपरिक रचनेत नोंदणीच्या तीन पायऱ्या आहेत, भाग १, भाग २ आणि भाग ३. परदेशी पदवीधराला पहिल्या दोन भागांची समकक्षता या परीक्षेतून सिद्ध करावी लागते आणि भाग ३ साठी तिथल्या संस्थेतून व्यवसाय, कायदा व करार यांची परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा म्हणजे प्रश्नपत्रिका नव्हे. बोर्डाने ठरवलेल्या प्रत्येक निकषासमोर आपले कोणते काम, पोर्टफोलिओच्या (आपल्या कामाच्या नमुन्यांच्या संग्रहाच्या) कोणत्या पानावर, तो निकष पूर्ण करते याचा तक्ता भरायचा असतो, आणि मग परीक्षकांचे मंडळ त्या कामावर समोरासमोर प्रश्न विचारते. बोर्डाने २०२३ मध्ये शिक्षणाची सगळी चौकट नव्याने मांडण्याचा निर्णय घेतला आहे आणि जुन्या तीन भागांची रचना टप्प्याटप्प्याने मागे पडत आहे. म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेले नियमच प्रमाण मानावेत. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राची माहिती वाट दाखवायला ठीक आहे, अर्ज भरायला नाही. आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स ही सदस्यांची संस्था आहे, नोंदणी करणारी नाही. भारतातील एखाद्या महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाला तिने मान्यता दिली असेल तर तिच्या सदस्यत्वासाठी त्याचा उपयोग होईल, पण बोर्डाच्या नोंदवहीत त्यामुळे नाव चढत नाही.

पोर्टफोलिओविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या कार्यालयातून परदेशी गेलेल्या तरुण सहकाऱ्यांचे अर्ज वाचताना मला तेच ते दोष दिसत आले आहेत. आपल्याकडे पोर्टफोलिओ म्हणजे झळझळीत रेंडर (संगणकावर केलेली चित्रे), पूर्ण झालेल्या इमारतीचे फोटो आणि सुरेख मांडणी अशी समजूत आहे. परीक्षकांना मात्र निर्णय कसा झाला हे पाहायचे असते. जागेचा अभ्यास, सोडून दिलेले पर्याय, ते का सोडले याची कारणे, सल्लागारांच्या आक्षेपानंतर बदललेला छेद, हे सगळे त्यांना हवे असते, आणि आपण नेमके तेच कचऱ्यात टाकलेले असते. दुसरी उणीव बांधकाम तंत्रज्ञानात दिसते. बडोद्यात २३० मिलिमीटर विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी गिलावा आणि पश्चिमेकडे छज्जा एवढ्यावर आपले निभते. थंड देशातील भिंत अनेक थरांची असते. तिच्यात उष्णतारोधक, बाष्परोधक पडदा आणि हवेची पोकळी असते, आणि आतल्या दमट हवेतली वाफ भिंतीच्या गार थरात निवून तिचे पाणी होऊ नये हा तिच्यामागचा मुख्य विचार असतो. तो विचार आपल्याला कळला आहे हे तोंडी परीक्षेत दिसले नाही तर बाकीचे काम कितीही चांगले असले तरी गाडी अडते. यासाठी तिकडचे डिटेल पाठ करण्यापेक्षा इमारत भौतिकीचे मूळ नीट वाचावे.

तिसरी गोष्ट आगीपासून सुरक्षिततेची आणि अपंगांच्या सुलभ वावराची. आपल्याकडेही २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग संपूर्णपणे अग्निसुरक्षेलाच दिलेला आहे, पण बऱ्याच कार्यालयांत फायर एनओसी (अग्निसुरक्षेचा ना हरकत दाखला) म्हणजे बाहेरच्या सल्लागाराने आणून द्यायचा कागद समजला जातो. आपल्या एखाद्या प्रकल्पात जिन्यांची संख्या, बाहेर पडण्याचे अंतर, रॅम्पचा उतार यांचे निर्णय आपण स्वतः घेतले असतील, तर ते आकृत्यांसह पोर्टफोलिओत आणावेत. ब्रिटनमध्ये ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ च्या आगीनंतर आणि २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्यानंतर या विषयावरचे प्रश्न औपचारिकतेपुरते राहिलेले नाहीत.

आता अनुभवाचा पुरावा. खरी मेख इथे आहे, आणि इथली तयारी भारत सोडल्यावर करता येत नाही. प्रत्येक देश अनुभव तासांत, टप्प्यांत आणि देखरेखीत मोजतो. कॅनडाच्या इंटर्नशिप कार्यक्रमात ३,७२० तास, अमेरिकेत ३,७४० तास, ऑस्ट्रेलियाच्या आर्किटेक्चरल प्रॅक्टिस एक्झामिनेशनसाठी ३,३०० तास नोंदवावे लागतात, आणि ते संकल्पना, परवानगीचे नकाशे, वर्किंग ड्रॉइंग (बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे), निविदा, साइटची देखरेख, करारांचे व्यवस्थापन अशा खान्यांत विभागून दाखवावे लागतात. तासांचा आकडा पूर्णवेळ काम करणाऱ्याला दोन वर्षांत गाठता येण्याजोगा आहे, परंतु खाने रिकामे राहतात. बडोद्याच्या मध्यम आकाराच्या कार्यालयात एखादी हुशार मुलगी सहा वर्षे केवळ वर्किंग ड्रॉइंगच करत राहिली असेल, कारण त्यात तिचा हात बसलेला असतो, तर तिच्या खात्यात हजारो तास असूनही निविदा आणि करार यांचे खाने कोरे असतात. आपले तसे झाले असेल तर निघण्यापूर्वीचे वर्ष त्या रिकाम्या खान्यांसाठी वापरावे, असे मुख्य वास्तुविशारदांना मोकळेपणाने सांगावे. बीओक्यू (कामाच्या परिमाणांचे पत्रक) तपासणे, कंत्राटदाराचे बिल प्रमाणित करताना शेजारी बसणे, साइट मीटिंगचे इतिवृत्त स्वतः लिहिणे, बीयू (इमारत वापर) परवानगीपर्यंत एक काम तडीस नेणे, ही कामे मागून घ्यावीत.

पुरावा म्हणून नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या किंवा आयकराचे कागद, आणि लेटरहेडवरचे सविस्तर अनुभवपत्र लागते. ‘यांनी आमच्याकडे अमुक ते अमुक काळ समाधानकारक काम केले’ या एका वाक्याचे पत्र तिकडे जवळजवळ निरुपयोगी असते. पत्रात प्रत्येक प्रकल्पाचा प्रकार, चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ, बांधकामाचा अंदाजे खर्च, कोणत्या टप्प्यांत आपला सहभाग होता, आठवड्याचे तास किती, देखरेख कोणाची होती आणि त्या व्यक्तीचा परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, हे सर्व यावे. देखरेख करणाऱ्याची नोंदणी त्या संपूर्ण काळात चालू होती का, हेही पाहून घ्यावे. आपल्याकडच्या नकाशांवर टायटल ब्लॉकमध्ये (नावे व तपशील लिहिण्याच्या चौकटीत) फक्त कार्यालयाचे आणि मुख्य वास्तुविशारदांचे नाव असते, त्यामुळे रेखाटन कोणी केले, तपासले कोणी, याचा मागमूस उरत नाही. आजपासूनच त्या चौकटीत आद्याक्षरे लिहिण्याची पद्धत आपल्या कार्यालयात सुरू करता आली तर ती कार्यालयाच्याही फायद्याची आहे. जुन्या कामांसाठी ईमेल, नकाशांच्या आवृत्त्यांच्या तारखा आणि साइट मीटिंगची इतिवृत्ते उपयोगी पडतात. नकाशे पोर्टफोलिओत वापरण्याची लेखी परवानगी मात्र मालकाकडून घ्यावी, विशेषतः कारखाने, बँका किंवा सरकारी कामे असतील तर. कार्यालय बंद पडले किंवा मुख्य वास्तुविशारद निवर्तले, की हे काहीही मिळवणे अतिशय अवघड होते. म्हणून पहिल्या नोकरीचे पत्र आधी मागावे, सध्याच्या कार्यालयाचे नंतर मागितले तरी चालेल.

नऊ वर्षांचा अनुभव असल्यामुळे आपल्याला एक गोष्ट अनुकूल आहे. कॅनडात अनुभवी परदेशी वास्तुविशारदांसाठी बेफा नावाचा कार्यक्रम आहे. ज्यांच्याकडे आपल्या देशाची नोंदणी आणि त्यानंतरचा किमान सात वर्षांचा अनुभव आहे त्यांची क्षमता पोर्टफोलिओ आणि मुलाखत यांवरून जोखली जाते, आणि त्यात यशस्वी झाल्यास नवख्या पदवीधराची इंटर्नशिप व प्रवेश परीक्षा हा लांबचा मार्ग टळतो. आपली नोंदणी पदवीनंतर लगेच झाली की दोन-तीन वर्षांनी, हे इथे महत्त्वाचे ठरते, कारण मोजणी नोंदणीच्या तारखेपासून होते. नोंदणी क्रमांकातच वर्ष असल्यामुळे ते लपतही नाही. कॅनडात परवाना प्रांताची संस्था देते. ओंटारिओची वेगळी, ब्रिटिश कोलंबियाची वेगळी, क्वेबेकची वेगळी आणि तिथे फ्रेंचची अट आहे. म्हणून देशाच्या आधी प्रांत ठरवावा.

ऑस्ट्रेलियात आर्किटेक्ट्स अ‍ॅक्रेडिटेशन कौन्सिल परदेशी पदव्यांचे मूल्यमापन करते आणि नोंदणी राज्याचे मंडळ करते. एका राज्यात नोंदणी झाली की परस्पर मान्यतेच्या कायद्यांमुळे इतर राज्यांत आणि १९९७ च्या ट्रान्स-टास्मन कायद्यामुळे न्यूझीलंडमध्येही पुढचा मार्ग सोपा होतो. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हीच कौन्सिल स्थलांतराच्या व्हिसासाठी कौशल्य मूल्यमापनही करते. त्यात अनुकूल निकाल आला म्हणजे आपण तिथे वास्तुविशारद झालो असे समजून काही जणांनी व्हिजिटिंग कार्डावर उपाधी छापली आहे, आणि तो तिथे दंडनीय गुन्हा आहे. व्हिसासाठीचे मूल्यमापन आणि व्यवसायाची नोंदणी या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॅनडाच्या शैक्षणिक मूल्यमापनालाही हेच लागू आहे.

अमेरिकेविषयी थोडक्यात, कारण बडोद्यातून तिकडे जाणारे कमी नाहीत. तिथे ५५ अधिकारक्षेत्रांची स्वतंत्र मंडळे आहेत, परवाना परीक्षा सहा विभागांची आहे, आणि भारतातील नोंदणीकृत वास्तुविशारदालाही ती द्यावी लागते. कॅलिफोर्नियासारखी राज्ये मान्यताप्राप्त पदवीचा आग्रह न धरता शिक्षण व अनुभव यांची बेरीज पाहतात, पण तिथे राज्याची पूरक परीक्षा असते. आखातात कागदांचे साक्षांकन हाच मुख्य अडथळा असतो. तिथल्या काही देशांसाठी पदवीवर राज्य, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास अशी साखळी पूर्ण करावी लागते. भारत २००५ पासून अ‍ॅपोस्टील (कागद अस्सल असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) कराराचा सदस्य असल्यामुळे इतर पुष्कळ देशांसाठी दूतावासाचा टप्पा गळतो. तरीही एजंटच्या सांगण्यावरून सगळी गुणपत्रके आधीच अ‍ॅपोस्टील करून ठेवू नयेत. मूल्यमापन संस्थांना विद्यापीठाकडून थेट आलेली ट्रान्सक्रिप्ट चालते, आणि अ‍ॅपोस्टीलचा खर्च पुष्कळदा वायाच जातो.

नावाच्या बाबतीत गुजरातेतल्या मराठी माणसांना विशेष त्रास होतो. गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम निराळा. लग्नानंतर पतीचे नाव आणि नवे आडनाव, पण परिषदेच्या नोंदणीत माहेरचेच. शिवाय गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले मी पाहिले आहे. परदेशी संस्थेच्या दृष्टीने या तीन वेगळ्या व्यक्ती असतात. नोंदणी, पासपोर्ट आणि ट्रान्सक्रिप्ट यांवरील नावे आधी जुळवून घ्यावीत, आणि जिथे जुळणे शक्य नाही तिथे विवाह प्रमाणपत्र व प्रतिज्ञापत्र इंग्रजीत तयार ठेवावे. परिषदेकडून नावातील बदलाची नोंद करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

आंतरराष्ट्रीय करारांबद्दल लोक फार आशा बाळगून असतात. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आहे आणि ब्रिटनशी झालेल्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. असे करार दोन्ही देशांच्या व्यावसायिक संस्थांना परस्पर मान्यतेची बोलणी करायला वाट करून देतात, नोंदणी स्वतः देत नाहीत. सिंगापूरशी २००५ मध्ये झालेल्या करारात ज्या व्यवसायांसाठी परस्पर मान्यता ठरवायची होती त्यांत वास्तुविद्येचेही नाव होते. त्या यादीतील परिचर्येचा (नर्सिंगचा) करार व्हायला २०१८ साल उजाडले. तेव्हा करार होईल या भरवशावर अर्ज थांबवण्यात अर्थ नाही. दुसरीकडे ब्रिटनच्या बोर्डाने २०२३ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या संस्थांशी परस्पर मान्यता केल्या आहेत. त्या मुख्यतः त्यांच्याकडे रीतसर शिकून नोंदणी मिळवलेल्यांसाठी आहेत, म्हणून एका देशात शिरून दुसऱ्यात उडी मारण्याचा बेत आखण्यापूर्वी त्यातील पात्रतेची कलमे शब्दशः वाचावीत. युरोपीय संघातही असेच आहे. संघाबाहेरची पदवी आधी एका सदस्य देशाने मान्य करावी लागते आणि तिथे तीन वर्षे व्यवसाय केल्यावरच इतर देशांत तिला वजन येते.

परदेशातील नातलगांच्या घराचे नकाशे बडोद्यातून करून तिथल्या एखाद्या परवानाधारकाचा शिक्का मारून घ्यावा का, असेही मला वरचेवर विचारले जाते. अमेरिकेतील मंडळांच्या नियमांप्रमाणे शिक्का मारणाऱ्याचे त्या कामावर जबाबदार नियंत्रण असावे लागते. तयार नकाशावर नुसता शिक्का देणे हे त्या परवानाधारकाचे गैरवर्तन ठरते. सुरुवातीपासून स्थानिक वास्तुविशारदाला करारात घेऊन आपण संकल्पनेचे काम केले तर ते रीतसर आहे, आणि असे काम पुढे आपल्या अनुभवपत्रातही दाखवता येते.

आपली भारतीय नोंदणी परदेशी गेल्यावरही चालू ठेवावी. नूतनीकरणाचे शुल्क थकले तर नोंदवहीतून नाव निघू शकते, आणि ते पुन्हा चढवण्याची तरतूद कायद्यात असली तरी मधला खंड गुड स्टँडिंग सर्टिफिकेटवर (नोंदणी चालू व निष्कलंक असल्याच्या प्रमाणपत्रावर) उमटतो. हे प्रमाणपत्र परिषद देते. संबंधित संस्था ते पुष्कळदा परिषदेकडून थेट आणि अलीकडच्या तारखेचे मागतात, त्यामुळे ते फार आधी काढून ठेवू नये. अर्जाच्या तीन-चार महिने आधी मागणी करावी.

आपल्या बाबतीत माझा कल कॅनडा किंवा ऑस्ट्रेलिया यांच्याकडे आहे, कारण तिथे अनुभवाला वजन मिळते. ब्रिटनमध्ये दोन भागांची परीक्षा शैक्षणिक निकषांवर असल्याने नऊ वर्षांपूर्वीचा थीसिस आणि स्टुडिओचे काम पुन्हा बाहेर काढावे लागेल. ते काम जपून ठेवलेले असेल आणि कुटुंबाची पसंती ब्रिटनला असेल तर ती वाटही बंद नाही. या महिन्यात विद्यापीठाकडे अभ्यासक्रमासाठी आणि परिषदेकडे नावाच्या नोंदीसाठी अर्ज करावेत, आणि पहिल्या कार्यालयाच्या अनुभवपत्राचा मसुदा स्वतः लिहून मुख्य वास्तुविशारदांसमोर ठेवावा. कोऱ्या कागदावर तपशील आठवून लिहायला त्यांना सवड होत नाही, पण समोर आलेला मसुदा ते तपासून दुरुस्त करतात आणि सही करतात.